गिरण चालू असेपर्यंत

जयाबाई लग्न होऊन पिरनवाडीला आली तेव्हा तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतंच होती आणि वस्तीत पिठाची गिरण एकच होती, तिच्या नवऱ्याची. मारुतीराव बिर्जे म्हणजे आसपासच्या गावांत मान असलेला माणूस. तरुणपणी सीमाभागाच्या सत्याग्रहात तो तुरुंगात जाऊन आला होता. गिरणीवर कुणी कानडी बोलत आलं तर तो डबा काट्यावर ठेवायचा, सगळं ऐकून घ्यायचा आणि उत्तर मराठीतच द्यायचा. समोरच्यालाही मराठी समजायची, त्यामुळं कुणाचं काही अडत नव्हतं.

घरात तो फारसा बोलत नसे. खानापूरकडच्या भरल्या घरातनं आलेल्या जयाबाईला पहिली काही वर्षं ते जड गेलं. दिवसभर गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात उभा राहणारा माणूस घरी गप्पच बसणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. भरमू झाला, मोठा झाला, दोघांचे केस पिकायला लागले. नवऱ्यानं आपल्याला कधी 'जेवलीस काय' एवढंही विचारलं नाही, हे मात्र तिच्या मनात कुठंतरी होतं. त्याबद्दल ती कुणाजवळ बोलली नव्हती.

१९८२च्या थंडीत, नव्या जोंधळ्याची पोती गिरणीवर यायला लागली होती तेव्हा, मारुतीराव चालत्या गिरणीपुढं कोसळला. भरमूनं धावत जाऊन बटण बंद केलं. बापाच्या तोंडावर, भुवयांवर पीठ बसलं होतं आणि तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. अंगावरनं वारं गेलंय, हे बघणाऱ्या सगळ्यांना कळलं.

बेळगावच्या इस्पितळात जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. त्याला सगळं समजत होतं, कोण आलं ते ओळखू येत होतं, पण तोंड उघडलं की नुसता घोगरा आवाज निघायचा. मग काही दिवसांनी एक शब्द आला. "नीरु," तो म्हणाला. परत म्हणाला, "नीरु."

उशाशी बसलेल्या जयाबाईनं मान वर केली. ही नीरू कोण? तिनं भरमूकडं बघितलं, भरमूनं खिडकीबाहेर बघितलं. भेटायला आलेल्या चुलत जावेनं तर तोंडाला पदरच लावला. दिवसभर तो ते नाव घेत होता आणि जयाबाई त्याच्याकडं पाठ करून बसून होती. इतकी वर्षं ज्या माणसाच्या गप्प बसण्याला तिनं नावं ठेवली नाहीत, त्याच्या पोटात हे होतं तर.

संध्याकाळी नर्स आली. "अहो, केव्हापासनं पाणी मागालाय हा माणूस! द्या की," ती म्हणाली.

जयाबाईला तो कानडी शब्द ठाऊक नव्हता असं नाही. बाजारात, बसमध्ये तिनं तो शेकडो वेळा ऐकला होता. पण या तोंडातनं तो येईल असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं, म्हणून तिला तो ऐकूच आला नाही. तिनं चमच्यानं पाणी पाजलं. तो अधाशासारखा प्याला. दिवसभर आपण त्याला तहानेलं ठेवलं, हे जन्मभर तिच्या मनातनं गेलं नाही.

इस्पितळात दर गुरुवारी सुगंधा मेत्री नावाच्या बाई यायच्या. वारं गेलेल्यांना, तोतऱ्या पोरांना बोलायला शिकवणं हे त्यांचं काम. बाई निपाणीच्या. आई तंबाखूच्या वखारीत काम करायची, वडील हमाल. धम्मदीक्षेनंतर शिकलेल्या पहिल्या पिढीतल्या, म्हैसूरला जाऊन हे शिक्षण घेऊन आलेल्या. त्यांनी मारुतीरावासमोर चमचा धरला, किल्ली धरली, घड्याळ धरलं. मराठीत विचारलं तर तो नुसता ओठ हलवायचा. कानडीत विचारलं तर अडखळत का होईना, शब्द यायचा.

"ह्यांना कानडी घरातनं आहे का?" बाईंनी विचारलं.

"छे छे," भरमू म्हणाला. "आमचे आप्पा सत्याग्रही हाईत. घरात कानडीचा शब्द न्हाय."

बाईंनी दोघांना बाकावर बसवून समजावलं. डोक्याला असा धक्का बसला की माणसाची कुठली भाषा आधी परत येईल ते त्याच्या हातात नसतं, तुमच्या-माझ्याही नसतं. जी येतेय ती येऊ द्यायची. तिच्या मागनं दुसरीही येईल, कदाचित. मी आठवड्यातनं एकदा भेटणार, तेवढ्यानं काही होत नाही. खरं काम घरी व्हायचं. रोज अर्धा तास यांच्यासमोर घरातल्या वस्तू धरायच्या, कानडीत विचारायचं, आणि मग थांबायचं. लगेच शब्द तोंडात घालायचा नाही. त्यांना शोधू द्यायचा.

"हा घरचा अभ्यास," बाई म्हणाल्या. "औषध समजून करा."

घरी आल्यावर भरमूनं औषधांची पिशवी कोनाड्यात ठेवली आणि म्हणाला, "आई, ते कानडीचं काय करायचं न्हाय. मी बघतो."

भरमू पंचविशीतला, सरळ मनाचा पोरगा. बापाच्या तुरुंगाच्या गोष्टी लोकांच्या तोंडून ऐकत वाढलेला. मराठीच्या सभांना जाणारा, फलक रंगवणारा. वस्तीतली माणसं भेटायला यायची आणि मारुतीरावाच्या तोंडून हो-नकोऐवजी 'हौदु' नाहीतर 'ब्याडा' ऐकून एकमेकांकडं बघायची. बाहेर गेल्यावर कुणीतरी हसल्याचंही भरमूच्या कानावर आलं. त्यानं बाजारातनं अंकलिपी आणली. गिरण बंद झाल्यावर बापापुढं बसायचा आणि म्हणायचा, "आप्पा, म्हणा, आंबा. आंबा." बाप तोंड उघडायचा. काही यायचं नाही. "आप्पा, बघा माझ्याकडं. आंबा." मारुतीरावाच्या डोळ्यांतनं पाणी यायचं. एक दिवस त्यानं डाव्या हातानं ते पुस्तक ढकलून दिलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

पुढच्या गुरुवारी बाईंनी विचारलं, "अभ्यास केलात घरी?"

"केला की," जयाबाई म्हणाली.

बाईंनी मारुतीरावासमोर चमचा धरला. मागच्या वेळी आलेला शब्दही या वेळी आला नाही. बाईंनी चमचा बाजूला ठेवला. रागावल्या नाहीत. "आक्का, केलं म्हणून सांगायला सगळीच येतात. मला काय झालं न्हाय ते सांगा. त्याचा मला जास्त उपयोग आहे."

मग जयाबाईनं सगळं सांगितलं. पुस्तक, आंबा, भिंतीकडं फिरवलेलं तोंड. शेवटी म्हणाली, "आणि मला तरी कुठं कानडी येतंय बाई? भाव करायपुरतं येतंय. वांगी, मिरच्या. ह्येंच्याशी बोलायपुरतं येत न्हाय."

बाई म्हणाल्या, "माझंच चुकलं. अर्धा तास तुम्हाला कुठनं मिळणार? तसं करू नका. सकाळी तुम्ही ह्यांचं तोंड धुता न्हवं? तेव्हा एक शब्द. चहा देताना एक. जे काम तुम्ही करताच, त्यातच घाला. आणि हे चमचे न् किल्ल्या राहू द्या. ह्यांना काय पाहिजे असतंय, त्याचे शब्द शिका."

"कुणाकडनं शिकू?"

"तुमच्या गल्लीत कुणी न्हाय?"

होती. नीलव्वा. तीन घरं टाकून राहणारी, म्हशी पाळून दूध घालणारी, बैलहोंगलकडची बाई. जयाबाई तिच्याकडनं वर्षानुवर्षं दूध घेत होती. दुसऱ्या दिवशी दुधाचं भांडं पुढं करताना जयाबाईनं विचारलं, "नीलव्वा, उशीला काय म्हणतीस गं तू? आणि दुखतंय म्हणायचं असलं तर?"

नीलव्वा हसली नाही. तिनं भांडं खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर बसली. त्या दिवसापासनं रोज दुधाबरोबर दोन-चार शब्द यायला लागले. दुखणं म्हणजे नोवु. पीठ म्हणजे हिट्टु. भीती म्हणजे अंजिकि. जयाबाई ते भाकरी थापताना पुटपुटत राहायची.

गिरण घराला लागूनच होती. पट्टा सुरू झाला की घरातल्या भांड्यांना कंप सुटायचा आणि आतलं बोलणं बाहेर ऐकू जायचं नाही. जयाबाईनं तीच वेळ धरली. गिरण चालू असेपर्यंत ती नवऱ्याजवळ बसायची. त्याचा लुळा हात मांडीवर घेऊन तेल चोळायची आणि विचारायची, "इदु येनु?" हे काय? त्यानं हाताकडं बघायचं, ओठ हलवायचे. ती थांबायची. बाईंनी सांगितलेलं थांबणं हेच सगळ्यांत अवघड होतं. त्याचा चेहरा लाल व्हायचा, मानेच्या शिरा फुगायच्या, आणि शब्द जिभेशी येऊन परत जायचा. तो देऊन टाकावा असं तिला हजारदा वाटायचं. ती ओठ दाबून बसायची. मग तो म्हणायचा, "कै." हात. आणि दमून डोळे मिटायचा. पट्टा थांबला की ती उठून चुलीकडं जायची.

एकदा तिच्या लुगड्याला पीठ लागलं होतं. तिनं काही विचारलं नव्हतं. त्यानं डाव्या हाताचं बोट त्या पिठावर टेकवलं आणि आपणहून म्हणाला, "हिट्टु." आणि हसला. अर्ध्या तोंडानंच, पण हसला. गुरुवारी हे सांगताना जयाबाईला रडू आलं. सुगंधाबाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही विचारणं कमी करा. ते काय सांगतात ते ऐका."

त्या उन्हाळ्यात मारुतीराव बोलायला लागला. वाक्य होत नसे. एक शब्द आज, एक परवा, मध्ये नुसतं हातवारे करणं. जयाबाईला न कळलेला शब्द ती मनात धरून ठेवायची आणि सकाळी नीलव्वाला विचारायची. असं तुकड्या-तुकड्यानं तिला कळत गेलं. त्याची आई बैलहोंगलकडची होती. तिला मराठी यायचं नाही. लेकराशी ती कानडीतच बोलायची, कानडीतच त्याला भरवायची. तो लहान असतानाच ती आजारी पडली आणि तिला माहेरी पोचवण्यासाठी चक्कडी, म्हणजे बैलगाडी, दारात आली. तो गाडीमागनं पळाला. "होगब्याडा," जाऊ नको, असं ओरडत पळाला. ती परत आली नाही. मग बापानं दुसरी केली. नव्या आईला त्याचं बोलणं कळेना, शाळेतली पोरं त्याला चिडवायला लागली, आणि त्यानं ती भाषा गिळून टाकली.

यातलं जयाबाईला काहीच माहीत नव्हतं. सासू म्हणून ती जिच्या पाया पडली होती ती सावत्र होती, हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहायची. पन्नाशी उलटलेला, दाढीचे पांढरे खुंट वाढलेला माणूस, "चक्कडी," म्हणायचा आणि बोट दाराकडं दाखवायचा. ती म्हणायची, "अंजब्याडा." भिऊ नका. तिला येत होतं त्यातलं ते सगळ्यांत चांगलं वाक्य होतं.

"एवढं उरात घिऊन माझ्याशेजारी झोपला हा माणूस," ती एकदा नीलव्वाला म्हणाली. "आणि मी समजलो, ह्याला मी आवडत न्हाय."

पावसाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. दुपारी करंट गेला. गिरण एकदम थांबली. जयाबाई नुकतीच स्वयंपाक आवरून नवऱ्याजवळ येऊन बसली होती. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि न अडखळता विचारलं, "ऊटा आतेनु?" जेवलीस का?

ती उत्तर देणार एवढ्यात दारातनं भरमू आत आला.

"काय म्हणाले आप्पा?" त्यानं विचारलं. मग आईकडं बघितलं. तिच्या तोंडावर सगळं दिसत होतं. "तू शिकवालीस? माझ्यामागं?"

"भरमू, बस जरा. ऐक—"

"काय ऐकू? बाहेर लोक काय बोलालेत ठाऊक हाय तुला? म्हणतात, बिर्जे जेलात गेलता ते काय खोटं होतं काय. आनि तू घरात बसून त्येच पक्कं करालीस!"

"अरं, त्येंच्या आईची भाषा हाय ती! तुज्या आज्जीची!"

"माझी आज्जी मराठी होती," भरमू ओरडला. "आप्पांनी जन्मभर जे केलं त्याच्यावर तुमी पाणी फिरवालाय. मी मेलो तरी हे घरात चालू देणार न्हाय."

मारुतीराव दोघांकडं बघत होता. त्याला सगळं समजत होतं. भरमू तावातावानं निघून गेला, करंट आला, गिरण सुरू झाली, भांडी थरथरायला लागली. जयाबाईनं त्याचा हात मांडीवर घेतला. "इदु येनु?" तिनं विचारलं. ती थांबली. खूप वेळ थांबली. त्यानं हात हळूच काढून घेतला.

त्यानंतर तो बोलला नाही. मराठी नाही, कानडी नाही. पाणी हवं असलं तर तांब्याकडं बोट दाखवायचा. सुगंधाबाईंनी तीन-चार गुरुवार प्रयत्न केला, मग एक दिवस त्या स्वतः बसनं पिरनवाडीला आल्या आणि गिरणीत जाऊन भरमूला भेटल्या.

"मी पण मराठीच आहे, भरमूदादा," त्या म्हणाल्या. "तुमच्या आप्पांनी जे केलं ते कुणी पुसायला लागलं न्हाय. जेलात गेले तेही तेच, आईच्या मागनं पळाले तेही तेच. ते तुमच्यासाठी गप्प बसलेत. तुम्ही एकदा म्हणालात तर बोलतील."

भरमू पिठाच्या डब्यावर हात ठेवून उभा होता. "तुमचं काय जातंय बाई बोलायला," एवढंच तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

भरमू तसं म्हणाला, पण उशिरा. दिवाळी झाली होती. मारुतीरावाला ताप होता, जेवण तुटलं होतं. भरमू सकाळी अंघोळ करून बापाजवळ येऊन बसला. जयाबाई चुलीपाशी होती, तिनं ऐकलं. "आप्पा," तो म्हणाला, "बोला. कुठल्याबी भाषेत बोला. मी कायबी म्हणणार न्हाय." मारुतीरावानं लेकाच्या डोक्यावर डावा हात ठेवला. केसांतनं फिरवला. तोंड उघडलं नाही. बोलायची इच्छा नव्हती, की शब्दच राहिले नव्हते, ते कळायला मार्ग नव्हता. भरमू हुंदके देऊन रडला. चार दिवसांनी दुसऱ्यांदा वारं गेलं आणि मारुतीराव गेला.

तेराव्यानंतर जयाबाई एका गुरुवारी इस्पितळात गेली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं. बाकावर बसून राहिली. सुगंधाबाईंनी तिला आत बोलावलं, चहा दिला. आत एक बाई बसली होती, कडोलीची. तिच्या नवऱ्यालाही असंच झालं होतं. ती बाईंना सांगत होती, "सगळा अभ्यास करतो आमी, रोज करतो." जयाबाईला तो आवाज ओळखू आला. ती मधेच म्हणाली, "आक्का, झालं न्हाय तर न्हाय म्हणून सांग. बाई रागवत न्हाईत."

ती कडोलीची बाई तिच्याकडं बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली.

त्यानंतर सुगंधाबाईंनीच जयाबाईला येत जा म्हणून सांगितलं. ती यायची. पेशंटच्या बायकांजवळ, आयांजवळ बसायची. घरात कोण कोण आहे, कोण आडवं येतं, दिवसातली कुठली वेळ मोकळी असते, असं विचारायची. चूल पेटवताना करा, अंगण झाडताना करा, म्हणायची. एका सासूला तिनं सुनेकडनं पोराचा अभ्यास करून घ्यायला पटवलं, एका पोराच्या बापाला थांबायला शिकवलं. काहींना जमलं, बऱ्याच जणांना नाही. जमलं नाही अशा बायका यायच्या बंद व्हायच्या आणि त्यांचं पुढं काय झालं ते कळायचं नाही. भरमूनं तिला कधी अडवलं नाही. बेळगावच्या बसच्या वेळेला तो गिरणीतनं बाहेर यायचा आणि ती बसमध्ये चढेपर्यंत उभा राहायचा. त्या दुपारबद्दल मायलेक पुन्हा कधी बोलले नाहीत.

१९८६ साली नीलव्वा म्हशी विकून लेकीकडं गेली. जयाबाईला कानडी बोलायला कुणी उरलं नाही. बाजारातली कानडी तिच्या कामाची नव्हती. तिची होती ती घरातली, तेल चोळतानाची. पुढं पुढं तिला जाणवायला लागलं की तेही शब्द जायला लागलेत. एकदा उशीला काय म्हणायचं तेच आठवेना. दोन दिवस ती बेचैन होती. आठवला नाही.

पुढच्या वर्षी सुगंधाबाई हुबळीला गेल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. जयाबाई तरीही एका गुरुवारी गेली, कारण खानापूरकडच्या एका पोरीला तिनं तू ये, मी असतो, म्हणून शब्द दिला होता. त्या पोरीचा नवरा ट्रक चालवायचा, अपघातात डोक्याला लागून मुका झाला होता. जयाबाई बाकावर बसली. बाईंच्या खोलीला कुलूप होतं. माणसं येत होती, केसपेपर काढत होती, जात होती. ती पोरगी आली नाही. दुपारची बस निघायची वेळ झाली, तेव्हा जयाबाई उठली, पायरीवर चप्पल घातली आणि बसस्टँडकडं चालायला लागली.